रिसर्च पेपरसाठी कीवर्ड कसे निवडायचे: तुरीच्या एका पेपरवरून पायरी-पायरीने

पहिला पेपर सबमिट करताना बहुतेकांचं असंच होतं. दोन खरीप हंगाम प्रयोगात गेलेले असतात, लिखाणात पुढचे काही महिने, मग गाईडच्या दुरुस्त्या, आणि शेवटी जर्नलच्या फॉर्मवर कीवर्ड्सचा रकाना येतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि टायटलमधलेच चार-पाच शब्द उचलून दोन मिनिटांत तो रकाना भरून टाकला जातो. फॉर्म पुढे जातो, पण त्या रकान्याचा उपयोग जवळपास काहीच होत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण परभणी, राहुरी, अकोला, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत, जिल्ह्याजिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजांत, मराठी आणि इतिहासाच्या विभागांत कितीतरी चांगलं काम होतंय आणि ते शोधणाऱ्याच्या स्क्रीनवर पोचतच नाही. जे दिसलं नाही ते कोण वाचणार आणि कोण साइट करणार, म्हणजे आपल्या पेपरमध्ये त्याचा संदर्भ देणार.

मी लायब्ररीच्या बाजूने लिहितोय, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांसोबत बसून सर्च करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे पेपर "शोधताना" काय अडचणी येतात त्या मला जवळून दिसतात, आणि त्यावरूनच सांगतो की कीवर्ड निवडताना आपण काय लिहिलंय याचा विचार थोडा मागे ठेवायचा आणि आपलं काम ज्याला हवंय तो माणूस काय टाईप करेल याचा विचार पुढे आणायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरण म्हणून एक पेपर धरू. समजा तुम्ही मराठवाड्यात तुरीवरच्या मर रोगावर काम केलंय, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून पेरलं तर मर किती कमी होते ते पाहिलंय, आणि टायटल दिलंय "एफिकसी ऑफ ट्रायकोडर्मा सीड ट्रीटमेंट अगेन्स्ट फ्युजेरियम विल्ट ऑफ पिजनपी इन मराठवाडा". चांगलं स्पष्ट टायटल आहे. आता याचे कीवर्ड काय द्यायचे?

आधी सर्च नेमका कुठे होतो ते बघा

हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. स्कोपस या रिसर्च पेपरांच्या डेटाबेसमध्ये तुम्ही साधा सर्च केला तर तो टायटल, अॅबस्ट्रॅक्ट आणि कीवर्ड या तिन्हीत एकत्र शोधतो. वेब ऑफ सायन्समध्ये "टॉपिक" निवडलं की तिथेही टायटल, अॅबस्ट्रॅक्ट, लेखकाचे कीवर्ड आणि शिवाय कीवर्ड्स प्लस नावाचा एक प्रकार असतो, ज्यात तुम्ही दिलेल्या संदर्भांच्या टायटलमध्ये वारंवार येणारे शब्द मशीन स्वतःच उचलतं. पबमेड हा मेडिकलचा डेटाबेस तुमचा शब्द घेऊन आपल्या ठरावीक शब्दयादीशी जुळवून बघतो आणि त्या यादीतल्या शब्दानेही शोधतो. गूगल स्कॉलर शक्य असेल तिथे अख्खा पेपर वाचतो, आणि कुठला पेपर वर दाखवायचा हे ठरवताना मजकूर, लेखक, कुठे छापलाय, किती साइट झालाय असं बरंच काही बघतो.

यातून एक गोष्ट सरळ निघते. टायटलमध्ये जे शब्द आहेत ते आधीच शोधले जातायत. पिजनपी टायटलमध्ये आहे, तर तोच शब्द कीवर्डमध्ये पुन्हा टाकून तुम्हाला स्कोपसमध्ये एकही नवा वाचक मिळत नाही. जर्नल सहसा पाच-सहा कीवर्डच देऊ देतं, काही दहापर्यंत, म्हणजे जागा मोजकी आहे आणि ती टायटलमधल्याच शब्दांवर घालवणं परवडत नाही. काही जर्नलांच्या लेखक-सूचनांमध्ये तर स्पष्टच लिहिलेलं असतं की टायटलमधले शब्द कीवर्डमध्ये नकोत, म्हणून त्या सूचना आधी वाचा, किती कीवर्ड, कुठल्या क्रमाने, कुठली शब्दयादी वापरायची सगळं तिथे असतं.

पायरी १: टायटल आणि अॅबस्ट्रॅक्ट आधी पक्कं करा

कीवर्ड सगळ्यात शेवटी. टायटल बदललं की कोणते शब्द "वापरून झाले" तेही बदलतं. अॅबस्ट्रॅक्ट लिहितानाच एक काम करून ठेवा, पिकाचं किंवा रोगाचं दुसरं प्रचलित नाव तिथे एकदा तरी सहज येऊ द्या, म्हणजे "पिजनपी, ज्याला हिंदीत अरहर म्हणतात" असं एक वाक्य. त्यासाठी वेगळा कीवर्ड खर्च करायची गरज राहत नाही.

आणि टायटलबद्दल, कवितेच्या ओळीसारखं टायटल द्यायचा मोह खास करून सोशल सायन्स आणि साहित्यवाल्यांना होतो, द्या हवं तर, पण कोलननंतर (:) तरी विषय, माणसं, ठिकाण हे सरळ शब्दांत येऊ द्या.

पायरी २: पेपरला पाच प्रश्न विचारा

कोरा कागद समोर घेऊन "कीवर्ड काय द्यावेत" असा विचार केला तर काही सुचत नाही. इथे मला एस. आर. रंगनाथन यांची पद्धत अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांचं कोलन वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची पद्धत, प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी मांडलं की कुठलाही विषय पाच अंगांनी उलगडता येतो: मुख्य वस्तू, तिचा पदार्थ किंवा गुणधर्म, तिच्यावर होणारी क्रिया, ठिकाण आणि काळ. कंप्युटर यायच्या कितीतरी आधीचा हा विचार, पण सर्च बॉक्सला आजही तंतोतंत लागू पडतो.

आपल्या पेपरला लावून बघा. मुख्य वस्तू कोण? तूर. गुणधर्म काय, म्हणजे नेमकं काय मोजलं? मर रोगाचं प्रमाण, रोगकारक बुरशी, उत्पादन. क्रिया काय झाली? बीजप्रक्रिया, जैविक नियंत्रण. कुठे? मराठवाडा, काळी जमीन, कोरडवाहू. केव्हा? खरीप. हे पाच कप्पे करून प्रत्येकात सुचतील तेवढे शब्द लिहून काढा, आत्ता निवड करायची नाही, वीस-पंचवीस शब्द झाले तरी होऊ द्या. या पाचांशिवाय मेथड लिहायला लोक हमखास विसरतात. तुम्ही मुलाखती घेतल्या असतील, मेटा-अॅनालिसिस केलं असेल, रिमोट सेन्सिंगचा डेटा वापरला असेल तर त्या मेथडचं नावही यादीत हवं, कारण बरेच लोक पीक किंवा विषय सोडून मेथडनेच शोधतात.

पायरी ३: प्रत्येक शब्दाची दुसरी नावं काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, खरा फायदा इथेच आहे.

वांग्याचं घ्या. भारतातले शास्त्रज्ञ ब्रिंजल लिहितात, अमेरिकेतले एगप्लांट, इंग्लंडमधले ऑबर्जिन, आणि शास्त्रीय नाव सोलॅनम मेलाँजेना. तुमच्या पेपरमध्ये फक्त ब्रिंजल असेल तर अमेरिकेत बसून एगप्लांटने शोधणाऱ्याला तो दिसेलच याची काही खात्री नाही. तुरीचंही तसंच, पिजनपी एक शब्द, पिजन पी दोन शब्द, रेड ग्रॅम, अरहर, तूर, आणि शास्त्रीय नाव कजानस कजान. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, १९७२ पासून तूर, ज्वारी, हरभरा यांवर काम करणारी संस्था, तिथल्या पेपरमध्ये सहसा पिजनपी असा जोडून शब्द येतो, पण इतर ठिकाणी तोडून लिहिणारेही भरपूर आहेत आणि सगळीच सर्च इंजिनं हे दोन्ही एकच धरत नाहीत. म्हणून शास्त्रीय नाव नेहमी ठेवा, ते देश बदलला तरी बदलत नाही.

शास्त्रीय नावंसुद्धा कधी कधी बदलतात बरं का. घाटे अळीला आज हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात, पण जुन्या पेपरमध्ये तीच अळी हेलिओथिस आर्मिजेरा म्हणून सापडते. अशा वेळी सध्याचं नाव कीवर्डमध्ये आणि जुनं नाव अॅबस्ट्रॅक्टमध्ये एकदा, एवढं पुरे.

मातीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण ब्लॅक कॉटन सॉइल लिहितो, काही जण रेगुर लिहितात, आणि जगभरातले मृदाशास्त्रज्ञ त्या प्रकारच्या जमिनीला व्हर्टिसोल म्हणतात. ऑस्ट्रेलियात, सुदानमध्ये, टेक्सासमध्ये अशी भेगा पडणारी चिकण जमीन आहे आणि तिथला माणूस रेगुर शब्दाने कधीच शोधणार नाही. व्हर्टिसोल हा एक शब्द टाकला की तुमचा मराठवाड्यातला प्रयोग त्याच्याही कामाचा होतो.

आरोग्य आणि सोशल सायन्समध्ये योजनांची नावं ही मोठी अडचण आहे. आशा कार्यकर्त्यांवर पेपर लिहिलाय आणि कीवर्ड फक्त "आशा", तर रोमन अक्षरांत शोधल्यावर आशा नावाच्या लेखिकाही त्यात येणार. जगात या कामाला कम्युनिटी हेल्थ वर्कर म्हणतात, ब्राझीलमध्ये, इथिओपियात, बांगलादेशात अशी माणसं काम करतायत आणि त्यांच्यावर लिहिणारा तोच शब्द टाईप करतो. म्हणून दोन्ही हवेत, आशाचं पूर्ण नाव आणि कम्युनिटी हेल्थ वर्कर. अंगणवाडीवर काम असेल तर आयसीडीएसचं, म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं, पूर्ण नाव (ही योजना १९७५ पासून चालू आहे, म्हणजे जुनं साहित्य त्या नावाखाली ढिगाने आहे), शिवाय अर्ली चाइल्डहुड केअर, चाइल्ड न्युट्रिशन असे शब्द. बचत गटासाठी सेल्फ-हेल्प ग्रुप पूर्ण लिहा, नुसतं एसएचजी नको, कारण भौतिकशास्त्रात एसएचजी म्हणजे सेकंड हार्मोनिक जनरेशन, आणि लेझरवर काम करणारा तुमच्या पेपरवर येऊन हिरमुसला होऊन परत जाईल. शॉर्टफॉर्मबद्दल माझा सरळ नियम आहे: डीएनए, एचआयव्हीसारखे सगळ्यांना माहीत असलेले चालतील, बाकी सगळे पूर्ण लिहा.

गावा-जिल्ह्यांची नावं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नवा पेपर नव्या नावाने लिहिला जाईल हे बरोबरच आहे, पण आधीच्या कित्येक वर्षांचं संशोधन जुन्या नावाने पडलेलं आहे आणि परदेशातला वाचक अजून जुनंच नाव टाईप करतोय, त्यामुळे अॅबस्ट्रॅक्टमध्ये एकदा दोन्ही नावं येऊ द्या. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, म्हणून राज्याचं नाव सोबत हवंच. आणि ठिकाणाचं नाव जेवढं लहान तेवढा त्याचा शोधणारा कमी, मराठवाडा ठीक आहे, पण सोबत सेमी-अरिड किंवा रेनफेड असा हवामान सांगणारा शब्द असेल तर आफ्रिकेतल्या कोरडवाहू भागातला संशोधकही तुमच्यापर्यंत येतो. केनिया, मलावी, टांझानियात तूर भरपूर होते हे ध्यानात ठेवा.

स्पेलिंगचं थोडक्यात: अॅनिमिया, ट्यूमर, लेबर, बिहेवियर या शब्दांची ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगं वेगळी आहेत. जर्नलचं जे असेल ते टायटलमध्ये, दुसरं कीवर्डमध्ये चालत असेल तर टाका. अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरं कीवर्डमध्ये चिन्हाऐवजी अक्षरात लिहा.

ही दुसरी नावं शोधायची कुठून? एक फार चांगली जागा आहे आणि ती नव्या लोकांना माहीत नसते. तुमच्या विषयावरचा एखादा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शोधा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे पेपर पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा. असे रिव्ह्यू करणारे लोक कुठल्या डेटाबेसमध्ये काय काय शब्द टाकून शोधलं ते सगळं छापतात, मेथड्समध्ये किंवा पुरवणी फाइलमध्ये, "हा किंवा हा किंवा हा, आणि शिवाय हा" अशी लांबलचक ओळ असते. ती ओळ म्हणजे अनुभवी माणसांनी विचार करून काढलेली पर्यायी शब्दांची तयार यादीच आहे. आणि उद्या तुमचा पेपर अशाच एखाद्या रिव्ह्यूत यायचा असेल तर त्या ओळीतले शब्द तुमच्या टायटल-अॅबस्ट्रॅक्ट-कीवर्डमध्ये कुठेतरी असलेच पाहिजेत, नाहीतर तुमचा डेटा कितीही भक्कम असो, पहिल्याच गाळणीत तो बाहेर राहतो आणि राहिल्याचं कुणाला कळतही नाही. माझ्या मते कीवर्ड नीट निवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

शिवाय विचारा. टायटल दोन जणांना दाखवा, एक तुमच्याच विषयातला आणि एक शेजारच्या विभागातला, आणि म्हणा की हे शोधायचं असेल तर तू काय टाईप करशील. दुसऱ्याचं उत्तर जास्त उपयोगी असतं.

पायरी ४: तुमच्या विषयाची ठरलेली शब्दयादी उघडा

जवळपास प्रत्येक मोठ्या विषयात ग्रंथपालांनी आणि तज्ज्ञांनी बसून शब्दयाद्या केल्यात, म्हणजे एका गोष्टीला दहा नावं असली तरी नोंद एकाच नावाखाली व्हावी. मेडिकलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मेश यादी आहे, तिथे कॅन्सर बघायला गेलात तर मुख्य शब्द निओप्लाझम्स निघतो, हार्ट अटॅकला मायोकार्डियल इन्फार्क्शन, हाय बीपीला हायपरटेन्शन, साप चावण्याला स्नेक बाइट्स. मेश ऑन डिमांड नावाचं फुकट टूल आहे, त्यात अॅबस्ट्रॅक्ट पेस्ट केलं की ते मेशमधले शब्द सुचवतं. सुचवलेलं सगळं उचलायचं नाही, पण सुरुवात म्हणून छान.

शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) अॅग्रोव्होक आहे, शिक्षणशास्त्रासाठी एरिकची शब्दयादी, कंप्युटरवाल्यांना एसीएमचं वर्गीकरण, इंजिनिअरिंगला आयईईईची. अर्थशास्त्रात जेईएल कोड असतात, शब्दांऐवजी अक्षर आणि आकडे, शेतीचं अर्थशास्त्र क्यू या अक्षराखाली येतं, आणि बरीच जर्नल्स कीवर्डसोबत तेही मागतात.

एक मात्र सांभाळा. ठरलेल्या यादीतले शब्द घेतले म्हणजे लोकांच्या तोंडचे शब्द सोडायचे असं नाही, कारण स्कॉलरवर शोधणारा माणूस मेश उघडून बसलेला नसतो. निम्मे-निम्मे ठेवा.

पायरी ५: निरुपयोगी शब्द खोडा

स्टडी, अॅनालिसिस, इफेक्ट, नॉव्हेल, डेव्हलपमेंट, नुसतं इंडिया, नुसतं अॅग्रिकल्चर, नुसतं एज्युकेशन. हे शब्द कुणी एकटे टाईप करत नाही, आणि केले तरी लाखो पेपरांत तुमचा कुठल्या कुठे. एकेरी शब्दांपेक्षा दोन-तीन शब्दांची जोडी बरी. रेझिस्टन्स एकटा दिला तर त्यात विजेचा रोध आला, इन्सुलिन आलं, अँटिबायोटिक आलं, राजकीय प्रतिकार आला. होस्ट प्लांट रेझिस्टन्स म्हटलं की नेमकं झालं. पण जोडी चार-पाच शब्दांची अख्खी ओळ होऊ देऊ नका, ती तंतोतंत कुणीच टाईप करत नाही.

आणि पेपरमध्ये नाही ती गोष्ट कीवर्डमध्ये नको. सध्या मशीन लर्निंग किंवा क्लायमेट चेंज हे शब्द चालतात म्हणून एका वाक्यात उल्लेख असला तरी कीवर्डमध्ये घालतात. वाचक येतो, बघतो, बंद करतो, आणि रिव्ह्यूअरच्या नजरेतूनही ते सुटत नाही. अॅबस्ट्रॅक्टमध्ये तेच तेच शब्द कोंबणं किंवा पीडीएफमध्ये पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं हा तर सरळसरळ अप्रामाणिकपणा आहे.

पायरी ६: प्रत्येक शब्द टाकून बघा

उरलेला एकेक शब्द गूगल स्कॉलरमध्ये टाका, जोडी असेल तर अवतरणचिन्हांत. पहिल्या पानावर जे दहा पेपर येतात ते बघा आणि स्वतःला विचारा, माझा पेपर यांच्यामध्ये बसलेला शोभेल का? शोभत असेल तर शब्द बरोबर. भलत्याच विषयाचे पेपर आले तर शब्द संदिग्ध आहे. काहीच आलं नाही तर तो शब्द तुमच्याशिवाय कुणी वापरत नाही, मग तो कितीही आवडता असला तरी सोडा. मेडिकलचा पेपर असेल तर पबमेडमध्ये अॅडव्हान्स्ड सर्चला जाऊन तुमच्या शब्दाचं त्याने नेमकं काय केलं ते डिटेल्समध्ये उघडून बघता येतं, ते नक्की बघा, खूप शिकायला मिळतं.

दोन पर्यायांत अडकलात, समजा ब्रिंजल की एगप्लांट, तर गूगल ट्रेंड्सवर दोन्ही टाकून देशानुसार बघता येतं. ते सामान्य लोकांचं सर्चिंग असतं, संशोधकांचं नाही, पण कुठल्या देशात कुठला शब्द चालतो याचा अंदाज येतो.

आता आपल्या तुरीच्या पेपरची यादी. टायटलमध्ये ट्रायकोडर्मा, सीड ट्रीटमेंट, फ्युजेरियम विल्ट, पिजनपी, मराठवाडा एवढं येऊन गेलंय. सहा कीवर्डची जागा आहे असं धरलं तर मी हे देईन: कजानस कजान, रेड ग्रॅम, फ्युजेरियम उडम (मर रोगाची बुरशी), बायोलॉजिकल कंट्रोल, सॉइल-बोर्न डिसीज, व्हर्टिसोल. सेमी-अरिड, रेनफेड आणि पिजन पी हा तोडलेला शब्द अॅबस्ट्रॅक्टमध्ये बसवेन. प्रयोगात बदनापूरचा बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६ असा नावाजलेला वाण वापरला असेल तर त्याचं नावही अॅबस्ट्रॅक्टमध्ये हवंच, कारण वाणाच्या नावाने शोधणारे बरेच असतात आणि वाणावरच तुलना केली असेल तर मग तो कीवर्डमध्येसुद्धा येईल. बघा, सहापैकी एकही कीवर्ड टायटलमध्ये नाही आणि तरी प्रत्येकाने येणारा वाचक योग्य पेपरवरच पोचतोय.

पेपर मराठीत असेल तर

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि नुकसान मात्र सगळ्यात जास्त इथेच होतं.

पहिली गोष्ट फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला पेपर डोळ्यांना देवनागरी दिसतो पण आत कंप्युटरच्या लेखी तिथे भलतीच चिन्हं असतात. अशा पेपरमध्ये "वारकरी संप्रदाय" शंभर वेळा आला तरी सर्च इंजिनला एकदाही दिसत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: पीडीएफ उघडा, एक परिच्छेद कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर ठीक, चिन्हांचा गोंधळ आला तर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या आणि कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. जर्नलच जुन्या फॉन्टचा आग्रह धरत असेल तर निदान टायटल, सारांश आणि कीवर्ड तरी वेबसाइटवर युनिकोडमध्ये टाका असं संपादकांना नम्रपणे सांगा. मी सांगितलेलं आहे, ऐकतात. स्कॅन करून टाकलेली पीडीएफ म्हणजे तर नुसतं चित्र, त्यात सर्च इंजिनला आयता मजकूर काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट, कीवर्ड मूळ रूपात द्या. "शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा" असं वाक्यातून उचललेलं रूप नको, "शेतकरी आत्महत्या" द्या. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, शेतकरीचं शेतकऱ्या होतं, आणि बऱ्याच ठिकाणच्या सर्चला ही दोन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत हे कळत नाही. ऱ्य हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाईप होऊ शकतं, दिसायला अगदी सारखं, आत वेगळं, हे आणखी एक कारण मूळ रूप घ्यायचं. ऱ्हस्व-दीर्घ प्रमाण लेखनाप्रमाणेच ठेवा.

तिसरी, इंग्रजी सारांश आणि इंग्रजी कीवर्ड जर्नलने मागितले नाहीत तरी जोडा. इथे रोमन लिपीतल्या स्पेलिंगचा प्रश्न येतो. वारकरी कुणी डब्ल्यूने लिहितं कुणी व्हीने, ज्ञानेश्वर कुणी डी-एन-वाय असं सुरू करतं तर कुणी जे-एन असं, लावणी, पोवाडा सगळ्यांची तीच गत, आणि पाश्चात्त्य विद्यापीठांतले लोक अक्षरांवर रेघा-टिंबं देऊन लिहितात. संतसाहित्यावर, लोककलांवर जर्मनीत, अमेरिकेत काम करणारे लोक आहेत ज्यांना मराठीतला अभ्यास खरंच हवा असतो. सारांशात एक स्पेलिंग, कीवर्डमध्ये दुसरं, असं वाटून टाका. आणि एखादा व्यापक शब्द जोडा, भक्ती मूव्हमेंट, ओरल ट्रॅडिशन, परफॉर्मन्स स्टडीज, जो खरोखर लागू असेल तो.

फॉर्म भरताना

बरीच भारतीय जर्नल्स ओजेएस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यातल्या कीवर्डच्या रकान्यात एक शब्द लिहून एंटर दाबायचं, मग दुसरा. अख्खी यादी एकदम पेस्ट केली तर सगळे मिळून एकच लांब कीवर्ड होऊ शकतो आणि मग तो कशालाच जुळत नाही. सबमिट करण्याआधी प्रत्येक शब्द वेगळ्या चौकटीत दिसतोय ना ते बघा.

स्वतःची कॉपी कुठे अपलोड करणार असाल, विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन साठ्यात, किंवा झेनोडोसारख्या खुल्या साठ्यावर, तर वर्डमधून पीडीएफ करण्याआधी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये टायटल आणि कीवर्ड भरा, नाहीतर तिथे "फायनल करेक्टेड २" असलं नाव राहून जातं. गूगल स्कॉलरसाठी पहिल्या पानावर टायटल सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि त्याच्या खालीच लेखकांची नावं असावीत, आणि फाइल ५ एमबीपेक्षा मोठी नको. नाव सगळ्या पेपरमध्ये एकाच पद्धतीने लिहा, एकदा आडनाव आधी, एकदा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर गाळून, असं केलं की तुमचेच पेपर दोन वेगळ्या माणसांचे होतात. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, फुकट आहे.

थीसिसचं वेगळं सांगतो. पीएचडीचा प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगावर जातो, यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून ते सुरू झालं, आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोशवर असतात. तिथला फॉर्म बहुतेक वेळा विद्यार्थी भरतच नाही, विद्यापीठाच्या लायब्ररीत भरला जातो, आणि ज्याच्याकडे दिवसाला ढीगभर सीडी-पेनड्राइव्ह येतात त्याला तुमच्या विषयातले बारकावे कुठून माहीत असणार, तो टायटल बघून "अॅग्रिकल्चर, प्लांट पॅथॉलॉजी" असं काहीतरी लिहितो आणि पुढे जातो. म्हणून प्रबंधासोबत एक कागद स्वतः टाईप करून द्या, त्यावर टायटल, युनिकोडमधला सारांश, सहा ते दहा कीवर्ड, तुमचं आणि गाईडचं नाव नेमक्या स्पेलिंगसह, आणि तीच फाइल ईमेलनेही पाठवा म्हणजे समोरच्याला पुन्हा टाईप करायला लागणार नाही. अपलोड झाल्याचं कळलं की नोंद उघडून कीवर्ड बरोबर आलेत का ते वाचा, आणि चुकले असतील तर लायब्ररीत जाऊन सांगा, दुरुस्तीसाठी कुणाला लिहायचं ते तिथे माहीत असतं.